नेनाना ते नोम

दोन गांवांमधील अंतर किती, या प्रश्नाचें उत्तर आपण हल्लीं मैलांत किंवा किलोमीटरांत देतों आणि तेवढ्यानें समाधान मानतों. आपल्या वाडवडिलांची रीत निराळी होती. अमुक गांव किती लांब, असें विचारलें असतां ते कोस सांगत, पण कोसांबरोबर मजलाहि सांगावयास विसरत नसत. मजल म्हणजे एका दिवसांत चालून होईल तेवढी वाट. ती सपाटीवर लांब, घाटांत आंखूड, आणि नदीला पूर आला म्हणजे जागच्या जागींच राहणारी. हें माप शास्त्रशुद्ध नव्हतें हें खरें. परंतु प्रवाशाला जी गोष्ट कळावयाला हवी असते, म्हणजे आपण पोंचणार केव्हां, ती त्यांत असे. नकाशावरील अंतर स्थिर असतें. मजलांचें अंतर ऋतूबरोबर, वाहनाबरोबर आणि वाट चालणाऱ्या माणसाबरोबर बदलत असतें. इतिहासांत ज्या अंतरांनीं माणसांना मारलें किंवा तारलें, तीं बहुधा या दुसऱ्या जातीचीं होत.

याचें उदाहरण म्हणून उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकास असलेल्या अलास्का प्रांतांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवावें असा आमचा विचार आहे. २०२५ सालीं त्याला शंभर वर्षें झालीं. प्रकरण मोठें नाहीं. पुरतें साडेपांच दिवसांचेंहि नाहीं. आम्ही तें इतिहासाच्या तासाला सांगूं लागलों म्हणजे एक प्रश्न कोणी ना कोणी विद्यार्थी हटकून विचारतो, आणि तो प्रश्न त्या काळच्या मोठमोठ्या माणसांनींहि विचारला होता. त्याचें उत्तर देतां देतांच हा लेख झाला आहे.

नेनाना हें अलास्काच्या अंतर्भागांत तानाना नदीच्या कांठीं वसलेलें लहानसें गांव. १९२३ सालीं तेथील लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां अध्यक्ष हार्डिंग यांनीं सोन्याचा खिळा ठोकून समारंभ केला तो याच गांवीं. दक्षिणेकडील सुअर्ड बंदरापासून निघालेली आगगाडी अँकरेजवरून येथवर येई व पुढें फेअरबँक्सला जाई. पश्चिमेकडे मात्र रूळ नव्हते, आणि आजहि नाहींत. नोम हें त्या पश्चिमेच्या टोंकाशीं, बेरिंग समुद्राच्या कांठीं, आर्क्टिक वृत्तापासून अवघे दोन अंश दक्षिणेस. १८९८ सालीं तेथें सोनें सांपडलें आणि १९०० च्या खानेसुमारींत त्या ओसाड किनाऱ्यावर बारा हजारांवर माणसें मोजलीं गेलीं. सोनें आटलें तसें गांवहि आटलें. १९२५ सालीं तेथें सुमारें चौदाशें लोक राहत; त्यांपैकीं साडेचारशेंच्या आसपास मूळचे रहिवासी होते, ज्यांना त्या काळीं सर्रास एस्किमो म्हणत.

या दोन गांवांमध्यें सरळ रेषेंत सुमारें ४८० मैल आहेत. पण सरळ रेषेंत जाण्याची सोय फक्त पक्ष्यांना होती. माणसांची वाट तानाना नदीच्या गोठलेल्या पात्रावरून यूकन नदीपर्यंत, यूकनवरून खालीं काल्टाग गांवापर्यंत, तेथून डोंगर ओलांडून उनालाक्लीट येथें समुद्राला, आणि मग नॉर्टन खाडीच्या कडेकडेनें नोमला, अशी जात असे. ती भरे ६७४ मैल. हिवाळ्यांत सरकारी डाक या वाटेनें कुत्र्यांनीं ओढलेल्या बर्फगाड्यांतून जाई आणि तिला साधारणपणें पंचवीस दिवस लागत. वाटेवर दर दिवसाच्या टप्प्यास एक सराई असे; तेथें शेगडी, जेवण आणि कुत्र्यांसाठीं वाळलेले मासे मिळत. म्हणजे आपल्या मजलांचीच ही पद्धत. फक्त घोड्याच्या जागीं कुत्रा आणि धुळीच्या जागीं बर्फ. उन्हाळ्यांत बोटी येत. कोंकणांतील जुन्या मंडळींना पावसाळ्यांतील बोटींचा बंद आठवत असेल; नोमचा बंद नोव्हेंबरपासून जुलैपर्यंतचा, कारण समुद्रच गोठून जाई.

नोमला डॉक्टर एकच होते, कर्टिस वेल्च. १९२४ च्या उन्हाळ्यांत आपल्याजवळील घटसर्पावरच्या सीरमची मुदत संपलेली पाहून त्यांनीं नवें मागविलें. तें बंदर गोठण्यापूर्वीं आलें नाहीं. पुढें थंडींत घसा धरलेलीं मुलें येऊं लागलीं. आरंभीं तें साधें दुखणें वाटलें. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत तीन वर्षांच्या एका मुलाच्या घशांत तो करडा पडदा दिसला आणि रोग ओळखूं आला. तो मुलगा वांचला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सात वर्षांची एक मुलगी तशीच आजारी झाली. डॉक्टरांनीं मुदत संपलेलें सीरम तिला टोंचून पाहिलें. तीहि त्याच दिवशीं गेली.

घटसर्प हा शब्द आज कित्येक तरुण आयांना ठाऊकहि नसेल, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या घरांनीं तो पाहिला त्यांना त्याचें वर्णन करून सांगावें लागत नसे. घशांत पडदा धरून श्वास कोंडतो हें त्याचें उघड रूप. पण खरा घात करतें तें जंतूंचें विष, जें रक्तावाटे हृदयापर्यंत जातें. १८९० सालीं बेरिंग व कितासातो या दोन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, या विषाला मारणारें प्रतिविष जनावराच्या रक्तांत तयार करतां येतें; त्यावरून घोड्याच्या रक्तापासून सीरम बनूं लागलें. या औषधाचा एक स्वभाव मात्र पुढील कथेसाठीं लक्षांत ठेवला पाहिजे. रक्तांत मोकळें असलेलें विष तें निकामी करतें. एकदां पेशींत शिरलेलें विष त्याला परत काढतां येत नाहीं. म्हणून सोमवारीं दिलेलें सीरम आणि गुरुवारीं दिलेलें सीरम हीं एकाच बाटलींतलीं असलीं तरी रोग्याच्या दृष्टीनें एकच औषध नव्हे. येथें अंतर म्हणजे अक्षरशः वेळ होती.

२२ जानेवारी १९२५ रोजीं वेल्च यांनीं बिनतारी संदेश धाडला. साथ अटळ दिसते, दहा लाख मात्रा सीरम हवें, असा त्याचा आशय होता. नोममधील मोठ्या माणसांना १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ विसरतां येण्याजोगी नव्हती. तिनें गांवांतील मूळ रहिवाशांपैकीं जवळजवळ निम्मे लोक नेले होते. संदेश अलास्कांत आणि वॉशिंग्टनपर्यंत तत्काळ पोंचला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या अमेरिकेंतील वर्तमानपत्रांचे वाचक नोमची बातमी चहाबरोबर वाचूं लागले. आमच्या मतें या प्रकरणांतील अगदी नवी गोष्ट ही होती. शंभर वर्षांपूर्वीं असती तर नोमचीं मुलें मेल्यावर सहा महिन्यांनीं जगाला कळलें असतें आणि कोणाला कांहीं करतां आलें नसतें. १९२५ सालीं शब्दाचें अंतर शून्यावर आलें होतें, वस्तूचें अंतर मात्र पंचवीस दिवसांवरच होतें. आणि या दोहोंमधील फटींतून सारा देश त्या मुलांकडे पाहत बसला.

अँकरेजच्या रेल्वे इस्पितळांत तीन लाख मात्रा सांपडल्या. तीसेक रोग्यांना पुरतील इतकें तें सीरम होतें. साथ मिटविण्याला अपुरें, पण थोपविण्याला पुरेसें. बाटल्या रजयांत गुंडाळून धातूच्या नळकांड्यांत भरल्या. सारें ओझें वीस पौंडांचें. आगगाडीनें तें २७ जानेवारीला नेनानाला आलें. प्रश्न होता तो तेथून पुढचा.

नोमच्या एका खाणकंपनीचे व्यवस्थापक मार्क समर्स यांनीं त्याआधींच हिशेब मांडला होता. डाकेला पंचवीस दिवस लागतात. या वाटेनें आजवरचा सर्वांत जलद प्रवास नऊ दिवसांचा आहे. आणि असल्या थंडींत वाटेवर सीरम टिकेल तें सहा दिवस. नऊ आणि सहा यांमधील तीन दिवस कोठून आणावयाचे? समर्स यांची योजना अशी कीं, एक गाडी नेनानाहून निघावी, दुसरी नोमहून, आणि अर्ध्या वाटेवर नुलाटो येथें त्यांनीं भेटावें. नोमच्या बाजूनें जावयाचा तो लेओनार्ड सेप्पाला, मूळचा नॉर्वेचा, त्या मुलुखांतील सर्वांत नांवाजलेला गाडीवान. त्याची एकुलती एक मुलगी नोममध्येंच होती.

आणि येथेंच आमचे विद्यार्थी विचारतात: "सर, विमान कां नाहीं पाठविलें?"

प्रश्न वेडगळ नव्हे. नोमचे नगराध्यक्ष मेनार्ड यांनीं तोच विचारला. अलास्काचे वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी सदरलंड यांनीं तो लावून धरला. आणि फेअरबँक्सच्या वर्तमानपत्रानें तर विमान न पाठविल्याबद्दल गव्हर्नरावर आग पाखडली. त्यांच्या बाजूला ताजा पुरावा होता. आदल्याच वर्षीं, २१ फेब्रुवारी १९२४ रोजीं, कार्ल बेन आयल्सन या शाळामास्तरकी केलेल्या वैमानिकानें फेअरबँक्सहून मॅकग्राथला डाक नेली होती. अंतर पावणेतीनशें मैलांच्या आसपास. कुत्र्यांना सुमारें अठरा-वीस दिवस लागत, त्याला तीन तासहि लागले नाहींत. या हिशेबानें नेनाना ते नोम सहा-सात तासांचा खेळ होता. एकीकडे सहा-सात तास आणि दुसरीकडे, सर्व कांहीं सुरळीत झालें तर, नऊ दिवस. असा सवाल टाकल्यावर कुत्रा निवडणारा माणूस जुनाट बुद्धीचा ठरावा यांत नवल काय?

गव्हर्नर स्कॉट बोन यांनीं कुत्रा निवडला. त्यांना जुनाट म्हणण्यापूर्वीं आपण तो तीन तासांचा प्रवास नीट पाहूं. जातांना आयल्सन तीन तासांच्या आंत पोंचला हें खरें. परततांना अंधार पडला, तो वाट चुकला, आणि फेअरबँक्सला उतरतांना त्याचें विमान नाकावर पालथें झालें. त्या हंगामांत त्यानें आठ फेऱ्या केल्या आणि आणखीहि अपघात झाले. अखेर डाकखात्यानें करार थांबविला. या फेऱ्यांतील थंडी १९२५ च्या जानेवारींतल्या थंडीच्या मानानें सौम्य होती. १९२५ सालीं फेअरबँक्सला विमानें होतीं तीं तीन, महायुद्धाच्या काळांतलीं, हिवाळ्यासाठीं सुटीं करून ठेवलेलीं. वैमानिकाची बैठक उघडी. इंजिन पाण्यानें थंड ठेवावयाचें, आणि बाहेर शून्याखालीं पन्नास अंश फॅरनहाइट. खुद्द आयल्सन त्या वेळीं अलास्कांत नव्हता. जो वैमानिक पुढें आला होता त्याला या कामाचा अनुभव नव्हता. आणखी एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. जानेवारीच्या अखेरीस त्या अक्षांशावर सूर्य क्षितिजावर असतो जेमतेम सहा-साडेसहा तास. म्हणजे वाटेंत कोठें तेल घेण्यास न थांबतां, वाऱ्यानें न अडतां, एकदांहि न चुकतां गेलें तर तें उड्डाण संबंध दिवसाएवढें होतें. दिवसांत दहा मिनिटांचाहि वाव शिल्लक राहत नव्हता.

विमानाचे सहा तास हा प्रवासाचा उत्तम वेळ होता. कुत्र्यांचे दिवस हा खात्रीचा वेळ होता. सीरमचा तेवढा एकच पेटारा जवळ असतां, तो हरवला तर दुसरा दोन आठवडे मिळणार नसतां, उत्तम वेळेवर पैज लावणें हें आमच्या मतें धाडस नव्हे, जुगार होय. बोन यांनीं मात्र समर्स यांची योजनाहि तशीच घेतली नाहीं. दोन गाड्यांच्या जागीं अनेक गाड्या, प्रत्येकीचा टप्पा लहान, ताज्या दमाचे कुत्रे, रात्रंदिवस चाल, असें त्यांनीं ठरविलें. डाकखात्याच्या गाडीवानांना तारा गेल्या. जुन्या वाहनाला नवी बुद्धि लावली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

२७ जानेवारीला रात्रीं नऊच्या सुमारास बिल शॅनन हा गाडीवान नेनानाहून निघाला. पहांटेपर्यंत थंडीनें त्याच्या तोंडाचे भाग काळे पडले होते. दुसरा गाडीवान एडगर कॅलंड पुढच्या सराईवर पोंचला तेव्हां त्याचे हात गाडीच्या दांड्याला चिकटून गोठले होते व ते सोडविण्यासाठीं ऊन पाणी ओतावें लागलें, असें सांगतात. पुढें यूकनच्या पात्रावर तीस मैल, वीस मैल, चोवीस मैल, असे टप्पे पडत गेले. नोल्नर आडनांवाच्या दोघां भावांनीं लागोपाठचे टप्पे केले. त्यांपैकीं एडगर हा या वीस जणांतला शेवटपर्यंत जगलेला माणूस, तो १९९९ सालीं वारला. चार्ली एव्हान्सचे पुढचे दोन कुत्रे थंडीनें वाटेंतच मेले. उरलेल्या वाटेवर तो स्वतः जुंपून घेऊन चालला. नदीवरील या टप्प्यांचे गाडीवान पुष्कळसे तेथील मूळ अथाबास्कन लोकांपैकीं होते. वर्तमानपत्रांनीं पुढें सेप्पालाचें आणि शेवटच्या गाडीवानाचें नांव घरोघर नेलें. या मंडळींचीं नांवें कित्येक ठिकाणीं धड छापलींहि गेलीं नाहींत.

सेप्पालाची हकीकत तर विलक्षणच आहे. तो नोमहून नुलाटोच्या रोखानें निघून गेल्यावर योजना बदलली; आतां सीरम नुलाटोपलीकडे त्याच्याकडेच येत आहे हें त्याला कळविण्याचा मार्ग नव्हता. ज्या संदेशानें क्षणार्धांत वॉशिंग्टन गांठलें त्याला तीस मैलांवरील बर्फांत चाललेला माणूस गांठतां येईना. शाक्टूलिक गांवाजवळ ३१ जानेवारीला एक गाडीवान एका रेनडियरच्या मागें लागलेले आपले कुत्रे सोडवीत उभा होता, त्याला सेप्पाला शेजारून भरधांव जातांना दिसला. त्यानें हांका मारल्या. सेप्पाला थांबायला तयार नव्हता. वादळ येऊं घातलें होतें. सीरम हा शब्द कानांवर पडला म्हणून तो वळला. १७० मैल येऊन झालेलीं जनावरें घेऊन तो त्याच रात्रीं उलट फिरला, आणि किनाऱ्याकडेनें वळसा न घालतां नॉर्टन खाडीच्या गोठलेल्या पाण्यावरून सरळ निघाला. या बर्फाचा भरंवसा नसे. वारा फिरला म्हणजे त्याचे तुकडे समुद्राकडे वाहून जात. पुढें टोगो नांवाचा बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा होता. अंधारांत वाट त्यानेंच काढली. सीरम घेऊन सेप्पालानें ९१ मैल तोडले, जाऊन-येऊन २६१. इतरांचे टप्पे याहून पुष्कळच लहान होते.

शेवटच्या भागांत वादळ इतकें वाढलें कीं, गाडी थांबवावी असा निरोप नोमहून वाटेवरील सरायांत पाठविण्यांत आला. शेवटचा धरला जाणारा गुन्नार कासेन त्या बर्फाच्या लोटांत निरोपाच्या ठिकाणावरून न कळतांच पुढें गेला. वाऱ्यानें त्याची गाडी उलथली, नळकांडें बर्फांत गडप झालें, तें त्यानें उघड्या हातांनीं चांचपून काढलें. सेफ्टी नांवाच्या ठिकाणीं ज्याच्या हवालीं करावयाचें तो गाडीवान झोंपलेला पाहून कासेन त्याला न उठवितां तसाच पुढें निघाला. कीर्तीच्या लोभानें, असें कांहीं जण म्हणाले. त्याला उठवून, कुत्रे जुंपून घेण्यांत वेळ गेला असता, असें त्याचें म्हणणें. आम्हांस दोन्हीं खरीं वाटतात. एकाच माणसाच्या मनांत दोन्हीं गोष्टी राहूं शकतात. २ फेब्रुवारीला पहांटे साडेपांचला तो नोमच्या रस्त्यांत शिरला. सीरम गोठलें होतें, पण एकहि बाटली फुटली नव्हती. दुपारपर्यंत तें वापरण्याजोगें झालें.

६७४ मैल, साडेसत्तावीस तास अधिक शंभर, म्हणजे एकूण १२७½ तास. ताशीं सव्वापांच मैलांच्या आसपास. आंकडा लिहून पाहिला म्हणजे लहान वाटतो. झपाझप चालणारा माणूस ताशीं चार मैल तर सहज चालतो. पण वीस गाडीवान आणि दीडशेंच्या सुमारास कुत्रे यांनीं ती चाल पांच दिवस व पांच रात्री एकदांहि खुंटूं दिली नाहीं, आणि पंचवीस दिवसांची वाट साडेपांच दिवसांच्या आंत आली.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला इतिहासानें एक उत्तर लगेच देऊन टाकलें. अकरा लाख मात्रांचा दुसरा साठा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून बोटीनें निघाला होता. विमानवाद्यांचा जोर इतका कीं, यांतील कांहीं भाग विमानानें न्यावा असें ठरलें. फेअरबँक्सला विमान जोडून उभें केलें. पण इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवरची झडप मोडली, इंजिन तापलें, आणि तें जमिनीवरच राहिलें. दुसरें सीरमहि कुत्र्यांनींच १५ फेब्रुवारीला नोमला पोंचविलें.

येथें थांबलों असतों तर कुत्र्याचा विजय सांगून टाळ्या मिळविणें सोपें होतें. पण त्याच वर्षीं उन्हाळ्यांत नोएल वीन नांवाचा तरुण वैमानिक फेअरबँक्सहून निघून नोमला उतरला. ज्या २ फेब्रुवारीच्या पहांटे कासेन नोमला पोंचला, त्याच दिवशीं वॉशिंग्टनमध्यें अध्यक्ष कूलिज यांनीं विमानाची डाक खासगी कंपन्यांकडे सोंपविण्याच्या कायद्यावर सही केली. गव्हर्नर बोन यांचा निर्णय बरोबर होता तो फेब्रुवारींत; जूनमध्यें तोच निर्णय चुकीचा ठरला असता. सबब एका निर्णयावरून शतकाचा निकाल लावूं नये. विमानानेंहि आपलें घेणें सोडलें नाहीं: आयल्सन १९२९ च्या नोव्हेंबरांत सैबेरियाच्या किनाऱ्याशीं गोठून पडलेल्या एका जहाजाकडे उडत असतां वादळांत कोसळला, त्याचें विमान सांपडावयास जानेवारी उजाडला.

पुढें डाक विमानांतून जाऊं लागली. मग सरायांच्या शेगड्या विझल्या, वाटा बुजल्या. टिकून राहिलेली कुत्र्यांची शेवटची डाक सेंट लॉरेन्स बेटावर १९६३ सालीं बंद झाली. १९७३ सालीं अँकरेज ते नोम अशी कुत्र्यांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षीं जिंकणाऱ्याला वीस दिवसांवर कांहीं मिनिटें लागलीं. कासेनच्या पुढच्या कुत्र्याचा, बाल्टोचा, पुतळा न्यूयॉर्कच्या बागेंत १९२५ सालींच उभा राहिला. टोगोला तो मान फार उशीरा मिळाला. आज अँकरेजहून जेट विमान सुमारें दीड तासांत नोमला उतरतें. बाहेरच्या जगाशीं जोडणारी सडक मात्र नोमला अद्याप नाहीं.

आणखी एक अंतर या प्रकरणांत आहे, तें कोणी मोजलें नाहीं. साथींत किती माणसें गेलीं? अधिकृत आंकडा पांच ते सात असा देतात. पण खुद्द डॉ. वेल्च यांचा अंदाज असा होता कीं, गांवाबाहेरील एस्किमो वस्त्यांत आणखी शंभरेक रोगी झाले असावेत. तेथील लोक आपलीं मुलें कोणाला न कळवितां पुरून टाकीत. नोमच्या इस्पितळापासून त्या वस्त्या फार लांब नव्हत्या. पण १९१८ च्या साथींत ज्यांनीं आपल्या घरचे निम्मे लोक डोळ्यांदेखत गमावले, त्यांना गोऱ्या डॉक्टरच्या दारापर्यंतची वाट किती मजलांची वाटली असेल, हें कोणत्याहि तारेंत नमूद नाहीं. साऱ्या देशाचे डोळे ६७४ मैलांच्या वाटेवर खिळले होते, आणि शेवटचा तो टप्पा रिकामाच राहिला. गाडीवानांच्या यादींत त्याच्यासाठीं कोणाचें नांव नाहीं.

६ फेब्रुवारी २०२५ रोजीं, कासेनच्या आगमनाला शंभर वर्षें होऊन चार दिवस झाले असतां, उनालाक्लीटहून एक लहान विमान नऊ प्रवासी व एक वैमानिक घेऊन नोमला निघालें. वाट तीच, नॉर्टन खाडीवरून. वेळ तासाहून कमी. तें पोंचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नोमपासून सुमारें चौतीस मैलांवर, समुद्रांत वाहत चाललेल्या बर्फावर, त्याचे अवशेष दिसले. दहांपैकीं कोणी वांचलें नव्हतें. त्यांतील दोघे उनालाक्लीटच्या पाणीपुरवठ्याच्या यंत्राची दुरुस्ती करावयास गेले होते आणि काम आटोपून परतत होते. हिवाळी वादळ येऊं घातलें होतें व तो बर्फ टिकणारा नव्हता. शोध करणाऱ्यांनीं वादळ येण्यापूर्वीं सर्वांचे देह परत आणले.